‘ब्रेक फेल’ म्हणाले म्हणून सोडून देऊ नकोस

तुझं पत्र मिळालं गं. नवरा चौतीस वर्षांचा, मांडीच्या हाडात रॉड, घरात दोन लहान पोरं, त्याचं इलेक्ट्रिशियनचं काम बंद, आणि वर जमलेली पाहुणेमंडळी म्हणतायत, ‘जीव वाचला हेच खूप, आता कोर्टकचेरीच्या नादी लागू नका.’ खरं सांगू का, म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पोलीस आणि कोर्ट म्हटलं की आपल्याकडे माणसं आधी दोन पावलं मागे सरतात. पण सहा महिन्यांनी घरभाडं भरायला आणि पोरांची फी द्यायला यातलं कुणी येणार नाही. तेव्हा आज जरा माझं ऐक. आमच्या धाकट्या दिरांना डंपरने उडवलं तेव्हापासून निकाल लागेपर्यंतच्या सगळ्या तारखांना मी त्यांच्याबरोबर होते. त्यामुळे यातलं बरंचसं मला तोंडपाठ आहे.

तू लिहिलंयस की कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या कंटेनरने त्याच्या दुचाकीला मागून ठोकलं, ड्रायव्हर म्हणाला ब्रेक लागला नाही, आणि ठाण्यात कुणीतरी सांगितलं, ‘यांत्रिक बिघाड आहे, यात कुणाचा दोष नसतो.’ आधी हे डोक्यातून काढून टाक. त्या उतारावर ‘ब्रेक फेल’ हे उत्तर फार जुनं आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या, तेव्हाही पहिल्यांदा हेच सांगितलं गेलं. नंतर पोलीस तपासात काय निघालं माहीत आहे? डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती.

आता यात नेमकं काय होतं ते समजून घे, म्हणजे समोरचा काही सांगायला लागला की तू गप्प बसणार नाहीस. अवजड गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि ती हवा भरणारा कंप्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की टाकीत साठलेली हवा दर वेळी ब्रेक दाबला की कमी होत जाते, नवी भरली जात नाही. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिनच तिला थोडंफार आवरून धरतं. न्यूट्रल मारलं की तोही आधार गेला. मग पंचवीस-तीस टनांचा भार नुसत्या ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. म्हणजे ब्रेक ‘फेल’ झाला हे एका अर्थी खरंही असेल, पण तो कुणीतरी फेल होऊ दिला. ड्रायव्हरने न्यूट्रल मारून, नाहीतर मालकाने लायनर वेळेवर न बदलून, किंवा पाटीभर माल जास्त चढवून.

आणि बघ, मला त्या ड्रायव्हरांचीही कणव येते. त्यांच्या ड्युटीचे दिवसाला आठ तास १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच ठरवून दिले होते. पण ज्याला खेपेवर पैसे मिळतात तो झोप कधी घेणार? गुजरातेतून निघालेला माणूस बंगळूरला पोचेपर्यंत धाब्यावर तासभर डोळा लागला तर लागला. पूर्वी बरोबर क्लीनर असायचा, डाव्या बाजूला वाकून बघायचा, ड्रायव्हरला जागं ठेवायचा. आता खर्च नको म्हणून कित्येक मालकांनी तोही काढून टाकलाय. रिमोल्ड केलेले टायर, रात्री हायवेच्या कडेला रिफ्लेक्टर न लावता उभा केलेला ट्रक, बाहेर आलेल्या सळया. बाहेर आलेल्या सळयांची सवलत तर २०१४ मध्ये नियमातूनच काढली, तरी अजून शहरातून टेंपो सळया लटकवत जाताना दिसतातच ना? जादा मालाला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, असा कायदा आहे. तरीही भरतात, कारण न पकडलेल्या खेपा जास्त असतात. या सगळ्यात ड्रायव्हर पुढे दिसतो आणि कमाई मागे बसलेल्याची असते.

तू लिहिलंयस, ‘तो ड्रायव्हर रडत होता, त्यालाही पोरं आहेत, त्याच्यावर केस करायला मन होत नाही.’ तुझं मन चांगलं आहे गं. पण नुकसानभरपाईचे पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. नोकराने काम करताना केलेल्या हयगयीला मालक जबाबदार असतो, आणि मालकाच्या वतीने विमा कंपनी पैसे भरते. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे, तो याच दिवसासाठी. त्याचा हप्ता भरलेला आहे. तू तो मागितला नाहीस तर ड्रायव्हरच्या पोरांना त्याचा एक पैसा मिळणार नाही.

आणि ‘यांत्रिक बिघाड’ म्हणणाऱ्याला १९७७ चा मीनू मेहता खटला ऐकव. मुंबईतल्या लॉरीचाच होता. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बिघाडामुळे अपघात झाला हे मालकाने सिद्ध करायचं, आणि तो बिघाड नीट काळजी घेऊनही लक्षात येण्यासारखा नव्हता हेही त्यानेच दाखवायचं. तुझ्या नवऱ्याने काहीच सिद्ध करायचं नाही असं नाही, पण गाडी कशी ठेवली होती याचा हिशोब मालकाने द्यायचा आहे.

म्हणून पहिलं काम आरटीओच्या तपासणी अहवालाचं. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो आणि ब्रेक, टायर, स्टिअरिंग कशा अवस्थेत होते ते लिहितो. तो अहवाल, एफआयआर, स्थळ पंचनामा, गाडीचं आरसी, फिटनेस, परमिट, विम्याची पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स, या सगळ्याच्या प्रती तपास अधिकाऱ्याकडे माग. एफआयआरची प्रत तर तक्रारदाराला फुकट मिळते. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून बघ, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत होता ते तिथेच दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेव.

पोलिसांकडे जाताना भिऊ नकोस. १ एप्रिल २०२२ पासून त्यांनाही मुदती घालून दिलेल्या आहेत. अपघाताची पहिली माहिती अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला, अंतरिम अहवाल पन्नास दिवसांत, आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत. जखमीचे हक्क काय आहेत ते सांगणारा फॉर्म दोन दहा दिवसांच्या आत तुमच्या हातात द्यायचा असतो. मिळाला नसेल तर शांतपणे एवढंच विचार, ‘साहेब, फॉर्म दोन राहिलाय.’ फॉर्मचा आकडा सांगणाऱ्या बाईशी लोक जरा जपून बोलतात, हे मी स्वतः बघितलंय.

आता घरातलं काम. एक मोठी फाईल आण आणि प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लाव. मेडिकलच्या दुकानातली गुळगुळीत कागदाची बिलं असतात ना, त्यांच्यावरची शाई काही महिन्यांत उडते. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात मी एका बाईला पिशवी रिकामी करताना पाहिलं. दोरा बांधून नीट ठेवलेला बिलांचा गठ्ठा होता, आणि वरची कितीतरी बिलं पार पांढरी झालेली. ती उन्हाकडे धरून आकडे वाचू बघत होती. तेव्हा बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स, आणि फोनवर फोटो. मूळ बिल फाडायचं नाही, त्यावर पेनाने काही लिहायचं नाही. रॉड आणि स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रिक्षाचे आणि अँब्युलन्सचे पैसे, रात्री थांबायला बाई ठेवली असेल तर तिची सही घेतलेली पावती, सगळं ठेव. केसपेपरवर ‘रस्ता अपघात’ आणि गाडीचा नंबर लिहिलाय का तेही बघून घे. काही डॉक्टर घाईत नुसतं ‘पडल्याने दुखापत’ लिहितात आणि विम्याचा वकील तेवढं एक वाक्य धरून बसतो.

उपचारांच्या खर्चाबद्दल विचारलंस. ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. त्यात बसत होतं का ते बिलाच्या खिडकीवर विचार. पुढच्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठ आणि रेशनकार्ड, आधार बरोबर ने.

दावा कुठे लावायचा? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयातच. कंटेनर परराज्यातला असला म्हणून तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही. अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे दावा लावता येतो. मुदत मात्र डोक्यात पक्की ठेव. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. त्या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद गेलेला आहे, पण त्या वादाच्या भरवशावर तू बसू नकोस. कॅलेंडरवर पाचव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला लाल खूण कर.

एक वाट अशीही आहे की कुणाची चूक ते सिद्ध न करता ठरलेली रक्कम मागायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. ऐकायला सोपं वाटतं. पण तुझ्या घरचा कमावता माणूस चौतिशीचा आहे, त्याचं नुकसान अडीच लाखांत मावत नाही. वकिलाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस.

किती मागायचं, हा तुझा खरा प्रश्न. घाबरू नकोस, हिशोब किराण्याच्या यादीइतकाच सरळ आहे. समज, तो महिन्याला वीस हजार मिळवायचा. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याची कमाई पुढे वाढली असती म्हणून त्यात चाळीस टक्के धरतात, झाले तीन लाख छत्तीस हजार. पायामुळे त्याची कमावण्याची ताकद निम्मी झाली असं ठरलं, तर वर्षाचं नुकसान एक लाख अडुसष्ट हजार. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा असतो, हा २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता आहे. सोळाने गुणलं की सव्वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार. त्यावर झालेला औषधोपचार, रॉड काढायच्या ऑपरेशनचा पुढचा खर्च, घरी बसून गेलेल्या महिन्यांची कमाई, वेदना, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, आणि दावा लावल्यापासूनचं व्याज. आता सांग, कंटेनरच्या मालकाचा माणूस दवाखान्यात येऊन पन्नास हजार ठेवायला निघाला होता ना? ते कशाचे होते, कळलं?

यात ‘निम्मी’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला कदाचित तीस टक्के म्हणेल. पण तो अपंगत्वाचा आकडा आहे, कमाईच्या नुकसानाचा नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच समजावलंय. डावा हात गेला तर दाखला साठ टक्क्यांचा असेल, पण ड्रायव्हरचं किंवा सुताराचं कमाईचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के, आणि सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहील. तुझा नवरा शिडीवर चढून काम करणारा माणूस. पाय वाकला नाही तर शिडी बंद. हे न्यायाधीशांना कुणी सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगायचंय. ज्या सोसायट्यांची, दुकानांची कामं तो करायचा त्यांच्याकडून लेखी घे, जुन्या बिलांच्या वह्या शोध, फोनवर आलेल्या पैशांचे आणि बँकेचे वर्षभराचे उतारे काढ. रोजच्या कमाईची नोंद नाही म्हणून रडू नकोस, जेवढं सापडेल तेवढं गोळा कर.

आणि हे बाकीच्या मैत्रिणींनाही सांग, अपघात घरातल्या बाईला झाला आणि ती नोकरी करत नसली, तरी तिच्या कामाची किंमत धरायची असते. कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०२१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने घरकाम करणाऱ्या बाईची कमाई मानून हिशोब केला आहे. ‘ती काय, घरीच असते’ असं कोर्टात कुणी म्हटलं तर हा निकाल पुढे करायचा.

विमा कंपनी काय काय म्हणेल तेही ऐकून ठेव. लायसन्स मुदतीत नव्हतं म्हणतील. त्यावर कोर्ट बहुधा सांगतं की आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. हेल्मेट नव्हतं म्हणतील. अगं, मांडीच्या हाडाचा हेल्मेटशी काय संबंध? आणि समज, त्याचीही थोडी चूक निघाली, तर तेवढ्या हिश्श्याची रक्कम कमी होते, दावा बुडत नाही. उभ्या ट्रकवर कुणी आदळलं असेल, तर ‘आमची गाडी चालूच नव्हती’ असं म्हणतात. तुमचा अपघात झाला त्याच पुणे-बंगळूर रस्त्यावर १९८७ मध्ये पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. त्या वेळी गाडी कुठे चालत होती? तरीही १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अपघात गाडीच्या वापरातूनच झाला असं धरलं. आणि ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तरी रिकाम्या हाती परतायचं नाही. मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, अर्ज प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडे.

आता दटावून सांगते, नीट ऐक. दवाखान्यात नाहीतर घरी कुणीतरी येईल आणि म्हणेल, ‘ताई, तुम्ही काही करू नका, आम्ही सगळं बघतो, मिळतील त्यात निम्मे आमचे.’ निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांना नियमाने मना आहे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर किंवा बँकेच्या पैसे काढायच्या स्लिपवर सही करायची नाही. नवऱ्यालाही औषधाच्या गुंगीत असताना कुणाला पेन देऊ दिलं नाहीस ना? मालकाच्या माणसाने आणलेल्या स्टँपपेपरवर तर मुळीच नाही. विम्याचा तपासनीस आला तर चहा दे, जे घडलं ते सांग, पण वाचून पटल्याशिवाय जबाबावर सही करू नकोस.

लोकअदालतीत तडजोड होते आणि पैसे लवकर हातात येतात, त्यात वाईट काही नाही. फक्त तिथला निवाडा अखेरचा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून वरचा हिशोब कागदावर मांडून बरोबर ने, आणि त्याच्या कितीतरी खाली आकडा आला तर ‘विचार करून सांगते’ म्हणून उठून ये. उठून येता येतं, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी सांगतच नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आणि पुरुषाचं उत्पन्न मर्यादेत असेल तर त्यालाही. १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, ‘मला यातलं काही जमेल असं वाटत नाही.’ दोन पोरांचे डबे करून, दवाखान्यात रात्र काढून, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलून रॉडची कंपनी कोणती ते विचारून घेणारी बाई असं म्हणते तेव्हा मला राग येतो गं. एकटीने करू नकोस एवढंच. भावाला किंवा शेजारच्या कुणाला बरोबर घे, पण फाईल तुझ्याच हातात राहू दे.

उद्या सकाळी पोरं शाळेत गेली की आधी झेरॉक्सच्या दुकानात जा, मग ठाण्यात जाऊन आरटीओचा तपासणी अहवाल माग, आणि त्यात ब्रेकबद्दल काय लिहिलंय ते मला कळव.